किट विमानात पिटो-स्टॅटिकच्या नळ्या टाकताना

मागच्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडे ओहायोला आले होते. बारामतीजवळ त्यांचा ऊस आहे, सगळा ठिबकवर. गॅरेजमध्ये मी घरी जोडत असलेल्या आरव्ही-७ या छोट्या विमानाचं धड घोडीवर ठेवलेलं होतं. त्यात डोकं घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "विमानात लॅटरल कशाला टाकल्यास रे?" लॅटरल म्हणजे ठिबकची बारीक नळी. मी म्हटलं, यातून पाणी जात नाही. हवासुद्धा वाहत नाही, नुसता तिचा दाब पोचतो, आणि त्यावरून वेग आणि उंची कळते. मामांनी नळी दोन बोटांत धरून दाबून पाहिली. "मग चोक झाली तर?"

पुढचं बरंचसं लिखाण त्या प्रश्नाच्या उत्तरातच जाणार आहे.

घरी विमान बांधायचं म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे अमोल यादव आठवतात. त्यांनी आराखड्यापासून सगळं स्वतः केलं. किट विमान त्या मानाने सोपं. पत्रे कापून, भोकं पाडून येतात, सोबत नकाशे येतात, आपण जोडत जायचं. अमेरिकेत अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं, मग त्याची नोंद 'एक्सपेरिमेंटल' म्हणून होते. ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिका यात सगळ्यांत लोकप्रिय; आजवर अकरा हजारांहून जास्त आरव्ही उडाल्या आहेत. मी लिहितोय ते आरव्ही डोळ्यांसमोर ठेवून. तुमचं किट वेगळं असेल तर जागा बदलतील. आणि नकाशात एक लिहिलं असेल, मी दुसरं सांगत असेन, तर नकाशाचं ऐका.

आधी नळ्यांमध्ये काय असतं ते

पिटो म्हणजे बाहेर बसवलेली एक बारीक नळी. तिचं तोंड समोर, वाऱ्याकडे असतं. हवा त्यात आदळून थांबते, त्यामुळे तिथे भोवतालच्या हवेचा दाब अधिक वेगाचा दाब असा एकत्र मिळतो. स्टॅटिकची भोकं धडाच्या बाजूंना असतात. वारा त्यांच्यावरून घसरत जातो, म्हणून तिथे फक्त भोवतालचा दाब. वेगमापक या दोन दाबांतला फरक दाखवतो. उंची दाखवणारा अल्टिमीटर आणि चढ-उतार दाखवणारं व्हीएसआय नुसत्या स्टॅटिकवर चालतं.

हल्ली गोल घड्याळांऐवजी एक पडदा लावतात, पण त्यामागच्या सेन्सरच्या डबीलाही हेच दाब लागतात. तिला बहुधा तिसरं तोंडही असतं, अँगल ऑफ अटॅकचं, म्हणजे एओएचं. वारा पंखाला कोणत्या कोनात भिडतो, तो हा कोन. डायनॉन किंवा गार्मिनच्या पिटोला दोन भोकं असतात, एक समोर आणि एक तिरकं, खालच्या अंगाला. त्या दुसऱ्या भोकाची नळी या तिसऱ्या तोंडाला जाते. म्हणजे पिटो, एओए आणि स्टॅटिक अशा तीन नळ्या धरून चला.

हे दाब किती नाजूक असतात याचा अंदाज असेल तर पुढची सगळी कटकट पटते. १०० नॉटला, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरला, पिटो आणि स्टॅटिकमधला फरक साधारण १६.६ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. ६० नॉटला, म्हणजे उतरतानाच्या वेगाच्या आसपास, तो फक्त ६ सेंटिमीटर. कटिंग चहाचा ग्लास भरून ठेवा, जवळपास तेवढा. एवढ्याशा दाबावर तुम्ही धावपट्टीवर उतरणार आहात, तेव्हा 'थोडंसं गळतंय, चालतंय' हे इथे चालत नाही.

पायरी १ : नळीच्या आधी सुतळी

नळी घेऊन थेट विमानात शिरू नका. सुतळी घ्या आणि पिटोच्या जागेपासून पॅनलपर्यंत, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीपर्यंत, स्टॅटिकच्या भोकांपासून पॅनलपर्यंत ती प्रत्यक्ष ओढून पाहा. जिथे जोड येणार तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग प्रत्येक तुकड्यापाशी थांबून एकच विचारायचं : वरचा पत्रा रिव्हेट झाला, गादी बसली, टाकी बसली, त्यानंतर इथे माझा हात आणि पाना पोचेल का?

मी हे विचारलं नाही. पंखात, टोकाकडून तिसऱ्या खणात, एक सरळ जोड टाकला. कारण काय, तर हातातला नळीचा तुकडा तिथपर्यंतच पुरत होता आणि नवीन गुंडाळी यायला चार दिवस होते. खालचा पत्रा रिव्हेट केला. सात महिन्यांनी चाचणीत पिटो गळायला लागली आणि गळती नेमकी त्याच जोडाची निघाली. अठ्ठावीस रिव्हेट ड्रिल करून काढले, पत्रा वाकवून हात आत घातला, कोपराला अजून वण आहे. चार दिवस थांबलो असतो तर पंखात एकही जोड लागला नसता.

तेव्हा पंखात अखंड नळी टाका. जोड फक्त दोन ठिकाणी, पिटोपाशी तपासणीच्या झाकणामागे आणि पंखाच्या मुळाशी.

पायरी २ : पंखातली पिटो

आरव्हीत पिटो बहुतेक जण डाव्या पंखाखाली, पंख्याच्या झोतापासून लांब, एका खांबावर बसवतात. पंखाचा खालचा पत्रा लागण्याआधी खांबाचं बूड आणि नळ्या दोन्ही आटपून घ्या.

रिबमध्ये, म्हणजे पंखाच्या फासळ्यांमध्ये, कारखान्याने पाडलेली भोकं असतात, तीच वापरा. नवीन भोक लागलंच तर ते नकाशात दाखवलेल्या जागी. स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईला, हात लावायचा नाही, विषय संपला. प्रत्येक भोकात प्लास्टिकचं स्नॅप बुशिंग बसवा, नाहीतर पत्र्याची कड वर्षानुवर्षं हादरत नळी कापत राहते. ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेची टोचरी बर काढल्याशिवाय बुशिंग बसवू नका. बुशिंग चिरतं आणि दिसतही नाही.

याच पंखातून एलेरॉनचा, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपेचा, दांडा जातो. नळी टाकून झाली की एलेरॉन दोन्ही टोकांना पूर्ण हलवा आणि टॉर्च घेऊन बघा. नळी दांड्यापासून लांब आहे असं नुसतं दिसून भागत नाही. तिला बोटाने दांड्याकडे ढकला. पोचत असेल तर बांधणी बदला, कारण उन्हाळ्यात प्लास्टिकची नळी सैल पडून लोंबते.

आता पाण्याचं. ठिबकवाल्याला उतार शिकवावा लागत नाही, पण पंखाचा उतार फसवा असतो. आरव्हीचे पंख टोकाकडे उचललेले असतात, म्हणजे पंखात शिरलेलं पाणी टोकाकडे, पिटोकडे परत जात नाही. ते मुळाकडे, कॅबिनकडे येतं. बचाव दोन. पहिला म्हणजे खांब : पिटो पंखाच्या खाली असल्यामुळे पावसाच्या थेंबाला आधी ती उंची चढावी लागते, आणि चांगल्या पिटोला पाणी गळून जायला स्वतःचं बारीक भोक असतं. नुसती वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी पिटो म्हणून लावलीत तर हे भोक नसतं. दुसरा बचाव म्हणजे पंखाच्या मुळाशी, सगळ्यांत खालच्या जागी, एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि तिच्या खालच्या तोंडाला बूच. दरवर्षीच्या तपासणीत बूच काढायचं, थेंब पडला तर पुसायचं, परत लावायचं. ओहायोत जानेवारीत त्या थेंबाचा बर्फ होतो आणि नळी मधेच बंद पडते. तुम्ही उबदार राज्यात असाल तर बर्फाची भीती कमी, पण पाण्याचा बोळा तिथेही दाब अडवतोच.

पिटो तापणारी असेल तर तिच्यातून निघणाऱ्या नळीचा पहिला फूटभर भाग धातूचा ठेवा, मग प्लास्टिक जोडा. गरम पिटोजवळ प्लास्टिक मऊ पडतं आणि जोडातून निसटतं.

पंखाच्या मुळाशी नळीला वीतभर जास्तीची लांबी ठेवा, सैल वळण देऊन. पंख लावायच्या दिवशी चार-पाच जण हातात पंख धरून उभे असतात, कोणीतरी "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणून ओरडत असतं, त्या गोंधळात आखूड नळी ओढली जाते. आणि ज्या दिवशी नळी टाकाल त्याच दिवशी तिची दोन्ही तोंडं बंद करा. ड्रिलचा चुरा आत गेला तर तो पुढे थेट सेन्सरकडेच जाणार.

पायरी ३ : स्टॅटिक

शेपटीकडच्या भागात, सामानाच्या कप्प्यामागे, धडाच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक येतं. दोन कशाला? विमान जरा तिरकं सरकत उडत असेल तर एका बाजूवर वारा आदळतो आणि दुसरी आडोशाला जाते. दोन्ही बाजूंच्या नळ्या टीने जोडल्या की चूक बरीचशी कटते. म्हणून टी मध्यावर ठेवा आणि दोन्ही फांद्या सारख्या लांबीच्या ठेवा.

नळी भोकापासून आधी वर चढवा, धडाच्या वरच्या भागापर्यंत न्या, आणि मगच पुढे पॅनलकडे वळवा. पाऊस धडावरून ओघळतो, भोकातून दोन थेंब आत येतात, पण ते वर चढत नाहीत. विमान उभं असताना ते आपोआप बाहेर येतात. याच भागातून शेपटीच्या आडव्या झडपेचा, एलिव्हेटरचा, दांडा मधोमध जातो आणि बाजूंनी उभ्या झडपेच्या, रडरच्या तारा. एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी नळी आडव्या चौकटीला बांधत न्या, हवेत लोंबकळत सोडू नका. दांडा पुढे-मागे पूर्ण सरकवून बघा.

भोकाबद्दल एक गंमत. व्हॅन्सच्या मूळ पद्धतीत स्टॅटिकचं भोक म्हणजे एक साधा पॉप रिव्हेट. त्याच्या मधला खिळा ठोकून काढायचा, पोकळ रिव्हेटवर आतून नळी चढवायची आणि सीलंट लावायचं. दिसायला अगदी जुगाड. मग आपल्यातला कलाकार जागा होतो आणि आपण पत्र्याला सपाट मिसळून जाणारं सुबक बटण आणून बसवतो. आरव्हीत हे अंगाशी येतं. त्या रिव्हेटचं उचललेलं गोल डोकं भोकापाशी दाब नीट जुळवून देतं. सपाट केलंत की वेग आणि उंची दोन्ही चुकायला लागतात. विकत घेतलेलं बटण लावायचं असेल तर त्याचं डोकं मूळ रिव्हेटसारखं उचललेलं आहे ना, एवढं पाहा.

सीलंट लावताना हात आखडता घ्या. रिव्हेटच्या बाहेरून गोल कडं पुरतं. नळीच्या तोंडात थेंब गेला तर भोक बुजतं आणि तुम्हाला ते महिनाभर कळत नाही. रंगाऱ्याकडे विमान देण्याआधी भोकांवर गोल चिकटपट्टी लावा आणि रंग झाल्यावर ती स्वतः मोजून काढा. भोकाच्या कडेला रंगाचा फुगवटा राहिला तर नखाने खरवडू नका, बारीक पॉलिश पेपरने सपाट करा.

पायरी ४ : जोड

या कामात खरा वेळ जोडांतच जातो. दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं प्लास्टिकचं. पाव इंच, आपल्याकडच्या फिटरच्या भाषेत दोन सूत, बाहेरच्या मापाची नळी आणि दाबून बसवायचे जोड. नळी आत ढकलली की दाते पकडतात, आतली रबरी कडी हवा अडवते. काम पटकन होतं, पण तीन गोष्टी सांभाळा. नळी धारदार पात्याने सरळ काटकोनात कापा. पकडीने कापलीत तर टोक चपटं होतं आणि कडी एका बाजूने उघडी राहते. नळी किती आत जायला हवी तिथे आधी पेनाने खूण करा, कारण कडीपाशी नळी जरा अडते आणि 'बसली' असं वाटतं, प्रत्यक्षात आणखी थोडी आत जायची असते. आणि बसवल्यावर ओढून पाहा. वळणं मोठी ठेवा. वाकवताना नळीवर पांढुरका डाग उमटला तर तेवढा भाग कापून टाका. ती तिथे दुमडलेली आहे.

दुसरं घराणं ॲल्युमिनियमच्या नळीचं, टोक फुलवून नट आवळायचा. टिकाऊ, पण मेहनतीचं. फ्लेअर ३७ अंशांचाच हवा. गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळणारं हत्यार ४५ अंशांचं असतं. त्याने केलेला फ्लेअर बसल्यासारखा दिसतो आणि गळतो. नळी कापल्यावर आतली-बाहेरची बर काढा, नाहीतर फुलवताना तडा जातो. आणि फुलवायच्या आधी नळीवर नट आणि स्लीव्ह चढवले आहेत ना? माझा पहिला फ्लेअर अप्रतिम झाला होता. कडेला एक ओरखडा नाही. मी तो बायकोला दाखवला, फोटो काढला, मग टेबलावर पाहिलं तर नट आणि स्लीव्ह तिथेच बसून माझ्याकडे बघत होते. नळी कापली, परत केलं. हे प्रत्येकाचं एकदा होतं. माझं तीनदा झालं.

उपकरणांच्या पाठीला बहुधा एक सूत मापाचे एनपीटी आटे असतात. हे आटे निमुळते असतात, घट्ट होत जातात, पण पुरते हवाबंद होत नाहीत. सील लावावं लागतं. टेफ्लॉनची पट्टी घरच्या नळाला लावतो तशी गुंडाळू नका. तिचे धागे सुटून उपकरणात जातात. आट्यांवर लावायची पातळ पेस्ट घ्या आणि पहिले दोन आटे कोरडे सोडा. आवळताना आधी हाताने, मग पान्याने एक ते दीड फेरा. एल्बोचं तोंड हव्या त्या दिशेला येत नसेल तर तो मागे फिरवून जुळवू नका, पूर्ण काढून परत लावा.

रंगांचं काही ठरलेलं नाही. पिटोला एक, स्टॅटिकला एक, एओएला एक असे तीन रंग घ्या आणि पंखापासून पॅनलपर्यंत तेच पाळा. वर दर दोन-तीन फुटांवर नाव लिहा. पॅनलखाली पालथं पडून, चष्मा कपाळावर, तोंडात टॉर्च धरून काम करताना हिरवं आणि निळं सारखंच दिसतं. पिटो आणि स्टॅटिक अदलाबदल झाले तर वेगमापक शून्यावर पडून राहतो आणि तुम्ही तासभर वायरिंग तपासत बसता.

इंजिनच्या मॅनिफोल्ड दाबाची नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्यातून येते, तिचा या तीन नळ्यांशी संबंध नाही. फायरवॉलच्या पुढे प्लास्टिक वापरू नका, इतकंच इथे सांगतो.

पायरी ५ : चाचणी, पिटोची

यासाठी महागडा संच लागत नाही. गवंड्याची लेव्हल नळी आठवते? दोन मीटर पारदर्शक नळी, आत पाणी. तीच एका फळीवर इंग्रजी यू आकारात ठोका, निम्मी पाण्याने भरा, पाण्यात जिलबीचा रंग टाका, मधे सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. तुमचा मॅनोमीटर तयार.

मग एक टी घ्या. एक तोंड मॅनोमीटरला, एक रबरी नळीने पिटोच्या तोंडाला, एक मोठ्या सिरिंजला. पिटोचं पाणी गळायचं भोक आणि एओएचं भोक चिकटपट्टीने बंद. सिरिंज हळूहळू दाबा. तोंडाने फुंकू नका, कंप्रेसर तर गॅरेजच्या बाहेर ठेवा. आणि नुसत्या पिटोच्या नळीतून कधीही हवा ओढू नका.

दोन्ही भुजांतल्या पातळ्यांमधला फरक मोजायचा. ६० नॉटला ६ सेंमी, ८० ला १०.६, १०० ला १६.६, १२० ला २४, १५० ला जवळपास ३८. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, ते ६० आणि १२० च्या आकड्यांत दिसतंच. मी पहिल्यांदा एकाच भुजेची चढ मोजली. पट्टीवर १६.६ आले आणि पडद्यावर १४१ नॉट. सेन्सर बिघडलाय म्हणून मी परत पाठवायच्या तयारीत होतो. मग लक्षात आलं, एक भुजा १६.६ चढली तेव्हा दुसरी तेवढीच उतरलीय, दाब दुप्पट झालाय, आणि दोनाचं वर्गमूळ १.४१. सेन्सर अगदी बरोबर सांगत होता.

१५० नॉट आले की सिरिंजकडची नळी चिमटा लावून बंद करा आणि घड्याळ बघा. अमेरिकेच्या विमान नियामकाच्या, एफएएच्या देखभाल मार्गदर्शिकेप्रमाणे एका मिनिटात १० नॉटपेक्षा जास्त पडता कामा नये. नवीन कामात खरं तर आकडा हलायलाच नको. मोजताना फळीला उन्हात ठेवू नका आणि नळी मुठीत धरू नका, हाताच्या उबेनेही पातळी सरकते.

पायरी ६ : चाचणी, स्टॅटिकची

इथे उलट, हवा ओढायची. एका बाजूच्या भोकावर पट्टी लावा, दुसऱ्यावर रबरी नळी चिकटमातीने बसवा आणि सिरिंजने हळू ओढत अल्टिमीटर आहे त्यापेक्षा १,००० फूट वर न्या. हा सुमारे एक इंच पाऱ्याचा दाब झाला. चिमटा लावा. मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त खाली यायला नको. उपकरणांवर, म्हणजे आयएफआर उडणाऱ्यांना ही चाचणी दर २४ महिन्यांनी अधिकृत दुकानातून करून घ्यावीच लागते. तिथे नापास होण्यापेक्षा घरी नापास व्हा.

ओढताना वेगमापकाकडेही लक्ष ठेवा. पिटो उघडी आणि स्टॅटिकमध्ये दाब कमी, म्हणजे त्याला वाटतं विमान उडतंय. १,००० फुटांना तो दीडशे नॉटच्या आसपास जातो. तुमच्या वेगमापकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर पिटो आणि स्टॅटिक एकाच टीला जोडून दोन्हींतून एकदम ओढा, काटा शून्यावर राहील. दाब सोडतानाही हळू. नळी झटक्यात काढलीत तर व्हीएसआयचा काटा आपटतो आणि ते उपकरण कायमचं बिघडू शकतं.

गळतंय म्हटल्यावर सगळे जोड आवळत सुटू नका, आधी अर्धं करा. मधल्या एखाद्या जोडापाशी नळी सोडा, बूच लावा, मागचा भाग तपासा. तो ठीक असेल तर चूक पुढे आहे. तिथे परत अर्धं. चार-पाच वेळात जोड सापडतो. साबणाचं पाणी लावायचं असेल तर आधी सगळी उपकरणं सोडवा, तोंडं बंद करा, आणि नळीत आतून अगदी थोडा दाब द्या. ओढताना साबण लावलात तर फेस येत नाहीच, उलट पाणी आत जातं.

काय बिघडलं की काय दिसतं

स्टॅटिक कॅबिनमध्ये गळत असेल तर उंची आणि वेग दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त दिसतात, कारण उडताना कॅबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो. वेग जास्त दिसतोय म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही हळू आहात, आणि हे उतरताना घातक. पिटो गळत असेल तर उलट, वेग कमी दिसतो. स्टॅटिक पूर्ण बंद झाली तर अल्टिमीटर जागच्या जागी गोठतो, चढताना वेग कमी आणि उतरताना जास्त दिसतो. पिटोचं तोंड आणि गळायचं भोक दोन्ही बंद झाली तर वेगमापक अल्टिमीटरसारखा वागायला लागतो : चढाल तसा वेग वाढत जातो, आणि घाबरून नाक वर उचललंत तर विमान खरोखरच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते.

हे पुस्तकी नाही. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ असंच पडलं, १८९ जण गेले. पिटो बंद होती, बहुधा मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीने. आपल्याकडे तिला कुंभारीण म्हणतात, खिडकीच्या चौकटीत घर करते तीच. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेलं एअरोपेरूचं ७५७ समुद्रात गेलं, ७० जण. विमान धुताना स्टॅटिकवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती.

म्हणून चाचणीच्या पट्ट्या भडक नारिंगी रंगाच्या घ्या, प्रत्येकीला हातभर शेपूट ठेवा, किती लावल्या तो आकडा विंडशील्डवर लिहा, आणि तेवढ्या हातात आल्याशिवाय तो पुसू नका.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी धावपट्टीवर वेगमापक हललाच नाही तर थ्रॉटल मागे, उडायचं नाही. पुढे चाचणीच्या तासांत जीपीएसच्या मदतीने वेगवेगळ्या दिशांना उडून वेग ताडून बघा. जमिनीवरच्या चाचणीत नळीची गळती सापडते, भोकाची जागा चुकलेली सापडत नाही.

आमच्या हँगरमध्ये एप्रिलपासून कुंभारणी फिरतात. एका शनिवारी मी पिटो पुसून कॉफी आणायला गेलो, परत येईपर्यंत एक माशी तोंडापाशी बसून आत डोकावत होती. तेव्हापासून विमान थांबलं की आधी टोपी, मग बाकीचं. ती टोपी आईने जुन्या नारिंगी छत्रीच्या कापडातून शिवलीय. तिची दोरी मी लांब ठेवली आणि दुसरं टोक कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, हँडलला बांधलं. ती सोडल्याशिवाय मला आत बसताच येत नाही.